डॉक्टर हलगरकरांची तोंडी परीक्षा

आमचे शेजारी डॉक्टर हलगरकर लहान मुलाचा गालगुच्चा घेण्याआधी त्याची परवानगी घेतात. गुडघे मोडून खाली बसतात, मुलाच्या डोळ्यांत बघतात आणि विचारतात, "गाल ओढू का? थोडं दुखेल. नाही म्हणालास तरी चॉकलेट मिळेल." माझ्या मुलीनं दरवेळी नाही म्हटलं. तिनं चॉकलेटं भरपूर खाल्ली आणि डॉक्टरांनी तिच्या गालाला कधीच हात लावला नाही.

न्हाव्याकडेही तेच. खुर्चीत बसले की आधी तो काय कापणार, कुठवर कापणार, हे त्याच्याकडून वदवून घेतात. डोक्यावर केस बेताचेच, त्यामुळे कापण्यापेक्षा बोलणंच लांबतं. मागचं गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दुकानात जातं.

मी जिल्हा परिषदेत लेखा विभागात आहे. बेरीज जुळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. अशा माणसाला अशा शेजाऱ्याचा त्रास व्हायला नको, पण मलाही कधीकधी होतो. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा ठराव डॉक्टरांमुळे तीन बैठका चालला, कारण त्यांनी प्रत्येकाला विचारलं की तुम्ही कशाला हात वर केलात ते सांगा. निम्म्या लोकांना सांगता आलं नाही. त्यात मी नव्हतो, एवढंच नमूद करतो.

ही सवय मूळ त्यांच्या दवाखान्यातली. डॉक्टर शल्यचिकित्सक आहेत. हर्निया, पित्ताशय, गाठी, मूळव्याध अशी सगळी ऑपरेशनं करतात. लातुरात सर्जन पुष्कळ आहेत, पण पेशंटची तोंडी परीक्षा घेणारे हे एकटेच. ते आधी आजार समजावून सांगतात. मूळचे देगलूरचे, त्यामुळे मराठी सांगता सांगता तेलुगूत शिरतात आणि "अर्थमैंदा?" म्हणून कळलं का ते विचारतात. पेशंट मान हलवतो. डॉक्टरांचा मानेवर विश्वास नाही. ते म्हणतात, "आता तुम्ही मला सांगा." मग पेशंटनं सांगायचं: मला काय झालंय, डॉक्टर काय करणार, त्यात काय बिघडू शकतं, दुसरा उपाय आहे का आणि काहीच केलं नाही तर काय होईल. सांगता आलं तर तारीख. नाही आलं तर परत समजावणी, परत परीक्षा. तातडीचं असेल, माणूस बेशुद्ध असेल, तर मात्र डॉक्टर तोंड बंद ठेवून हात चालवतात.

धोका समजावायला त्यांच्या टेबलावर तुरीची बरणी असते. तिच्यात शंभर दाणे, त्यातले काही लाल रंगवलेले. "ही शंभर माणसं. तुमच्यासारखीच. ही लाल, म्हणजे ज्यांना त्रास झाला. तुम्ही कोणता दाणा निघाल हे मला माहीत नाही." एकदा त्यांची वाट बघत बसलो असताना मी ते दाणे मोजले. सत्त्याण्णव भरले. सांगितल्यावर डॉक्टरांचा चेहराच उतरला. पुढचा पेशंट बाहेर थांबवून त्यांनी आधी कंपाउंडरला दुकानात पिटाळलं.

भोकरकडचा एक पाटील बायकोला घेऊन आला होता, तेव्हा मी तिथंच होतो. डॉक्टर बाईंना प्रश्न विचारत होते आणि उत्तरं पाटील देत होता. शेवटी वैतागून म्हणाला की तिला काय विचारून राहिलात, सही तर मीच करणार. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "पोट तुमचं आहे का?"

पाटील तिला घेऊन दुसरीकडे गेला. आठवड्यानं ती बाई परत आली, भावाला घेऊन. परीक्षा दिली, पास झाली.

आता लातूर म्हटल्यावर, जिथं परीक्षा तिथं क्लास निघणारच. दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्या बालाजीनं पेशंटांची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. हर्नियावाले बाकावर, पित्ताशयवाले पायरीवर. माणसं धडाधड उत्तरं द्यायला लागली. डॉक्टर आधी खूश झाले. मग एका मूळव्याधवाल्यानं पित्ताशयाची उत्तरं अस्खलित म्हणून दाखवली, तेव्हा पेपर फुटल्याचं उघड झालं. तेव्हापासून डॉक्टर प्रश्न उलटसुलट विचारतात. "समजा मी तुमचा भाऊ आहे आणि मला हे झालंय. मला समजावून सांगा." याचा क्लास बालाजीला काढता आला नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. कायद्याची भीती वाटते का? ते म्हणाले, कायदा आहेच. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती त्यानंच द्यायची. नवरा, मुलगा, भाऊ यांची सही तिच्या जागी चालत नाही. समजून न घेता दिलेली असेल तर ती संमतीच नव्हे. "पण गायकवाड, कायदा नसता तरी मी विचारलंच असतं. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण कडी वाजवतोच की."

हे सगळं ऐकायला मला बरं वाटायचं. पण मग माझ्या आईला गाठ निघाली.

आई अहमदपूरला माझ्या धाकट्या भावाकडे, रमेशकडे असते. सत्तरी ओलांडली आहे. उमेदीत तिनं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तूर निवडायचं काम केलं आणि आम्हा दोघांना शिकवलं. छातीत गाठ लागली, तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आला. कॅन्सर. लवकर सापडला होता, पण शब्द तो शब्दच. रमेशचं आणि माझं एकमत झालं की आईला सांगायचं नाही. साधी गाठ आहे, काढली की झालं, एवढंच सांगायचं. आमच्या नात्यात आजवर सगळ्यांच्या बाबतीत असंच झालं होतं.

ऑपरेशन हलगरकरच करणार होते, म्हणून रमेशनं आईची तयारी करून घेतली. तो शाळेत शिक्षक आहे. आईनं डॉक्टरांसमोर पाठ केलेलं सगळं नीट म्हटलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि नापास केलं.

रमेश त्यांना कोपऱ्यात घेऊन गेला. हळू आवाजात म्हणाला की तिला हे झेपणार नाही. मीही मान हलवली. डॉक्टर खुर्ची ओढून आईसमोर बसले.

"मावशी, सगळं सांगू, थोडं सांगू, की नुसतं पोरांना सांगू? तिन्ही चालतं. पण कोणतं ते तुम्ही ठरवायचं."

आईनं आमच्याकडे पाहिलं. म्हणाली, "सगळं सांगा. पोरं बी बसू द्या, त्यांनाबी कळू द्या. कॅन्सर हाय ना?"

रमेश खाली बघायला लागला.

"मला कवाच कळलंय," आई म्हणाली. "हा रम्या माझ्याशी गोड बोलाया लागला तवाच."

मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं. दोन रस्ते होते. एक, पूर्ण स्तन काढायचा. दुसरा, नुसती गाठ काढायची, पण त्यानंतर काही आठवडे रोज मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला जायचं. काखेतल्या गाठी दोन्हींत तपासायच्या होत्या. तिच्या गाठीपुरतं बोलायचं तर जगण्यात दोन्हींचा फारसा फरक नव्हता. दुसऱ्या रस्त्यात त्याच जागी गाठ परत यायची शक्यता किंचित जास्त. डॉक्टरांनी बरणी पालथी केली. आईनं दाणे बोटानं पसरले, किडलेले दोन बाजूला काढले आणि मग लाल दाणे एकेक करून मोजायला लागली.

रमेशला धीर निघेना. सगळं काढून टाका, म्हणाला, आता ह्या वयात ठेवून काय करायचंय?

"तुझं टक्कल पडलंय," आई म्हणाली. "मग डोकं काढून टाकतो का?" मग डॉक्टरांकडे वळली. "अंग माझं हाय, डॉक्टरसाहेब. म्हातारं झालं म्हणून परकं झालं न्हाई. गाठ तेवढी काढा. शेक घ्यायला मी जाईन."

शेकासाठी तिला माझ्याकडे राहावं लागणार होतं. ते तिनं मला विचारलं नाही, गृहीत धरलं. डॉक्टरांनी तेवढ्यात माझ्याकडे बघून विचारलं, चालेल ना? मी हो म्हटलं.

आईचा एक प्रश्न राहिला होता. भूल दिल्यावर आत काही दुसरं दिसलं तर? डॉक्टर म्हणाले की जिवाला तत्काळ धोका नसेल तर ते ठरलं तेवढंच करतील, तिला शुद्धीवर येऊ देतील आणि पुन्हा विचारतील. एका कामाची संमती दुसऱ्या कामाला लावत नाहीत. मग त्यांनी तिला सगळं परत सांगायला लावलं. तिनं मोंढ्यातल्या भाषेत सांगितलं, पण बरोबर सांगितलं. डॉक्टर कागद पुढे करणार तेवढ्यात ती म्हणाली, "आता मी इचारू का?"

तिनं विचारायला सुरुवात केली. अशी आप्रेशनं किती केली, हात थरथरतो का. डॉक्टरांनी हात पुढे धरून दाखवला. तुमच्या हातून कोणी गेलंय का, असं तिनं विचारलं तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "गेलेत. थोडे, पण गेलेत." आईनं मान डोलवली. मला वाटतं तिचा विश्वास तिथंच बसला. मग घरी कोण असतं, असं विचारलं. ते म्हणाले, बायको वारली, मुलगा परदेशात असतो, स्वयंपाकाला बाई येते.

"मग तुमालाच काई झालं तर डॉक्टरांनी कुणाला इचारायचं?"

"शुद्धीवर असेन तर मलाच."

"आन् नसलात तर?"

डॉक्टरांनी तुरीचे दाणे एकेक करून बरणीत भरले. मग म्हणाले, "ते मी कधी ठरवलंच नाही, मावशी."

"मग नापास," आई म्हणाली आणि तिनं सही केली.

ऑपरेशन नीट झालं. काखेतल्या गाठींत कॅन्सर निघाला नाही. आई रोज सकाळी शेकाला जाते आणि येताना तिथल्या बायकांचे आजार घरी घेऊन येते. कोणी काय विचारलं नाही आणि काय विचारायला हवं होतं, हे माझ्या बायकोला सांगते. तिची भूक परत आली आहे. ती रमेशला फोनवर रागावते, म्हणजे तोही आता गोड बोलायचा थांबला असावा.

मागच्या रविवारी डॉक्टर आमच्याकडे आले. हातात एक कागद होता. म्हणाले, आपल्याला बोलता येणार नाही अशी वेळ आली तर काय करावं आणि काय करू नये, हे आधीच लिहून ठेवायची आता कायद्यानं मुभा आहे. दोन साक्षीदार लागतात, आणि आपल्या वतीनं निर्णय घेणाऱ्या माणसांची नावं लागतात. मुलाशी बोलणं झालंय, पण तो येईपर्यंत इथं कोणीतरी हवं. "तुमचं नाव घालू का? नाही म्हणालात तरी शेजार आहे तसाच राहील."

मी कागद दोनदा वाचला. बरं व्हायची आशा नसेल तर नुसतं मशीनवर लांबवू नये, असं त्यात होतं. मी एकेक कलम विचारलं, त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत ते स्वतःबद्दल एवढं कधी बोलले नव्हते. शेवटी मी विचारलं, आणखी काही लिहायचं राहिलंय का?

ते थोडे अडखळले. "हे कागदावर नाही. पण मी बेशुद्ध असलो तरी मला सांगत जा. सुई टोचणार असतील तर आधी सांगा की सुई टोचताहेत. ऐकू येत असेल, नसेलही. पण कुणीतरी सांगतंय असं असलं तर बरं."

मी हो म्हणायच्या आत आई आतून बाहेर आली. "ह्याला जमणार न्हाई," ती म्हणाली. "हा घरात बी बोलत न्हाई. माझं नाव घाला. मी सांगीन कानाशी बसून."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पेन मागितला. आई डॉक्टरांपेक्षा वयानं बरीच मोठी आहे, हा हिशेब बसत नाही, असं मी दोघांनाही नीट समजावून सांगितलं. दोघांनीही माझं ऐकलं नाही.