दोन कप आणि चुंबकाचं पाणी

मी एकदा मनावर घेतलं की घेतलं! मग समोर सासरे असोत, सिमेंट असो, नाहीतर निसर्गाचे नियम असोत, मी माघार घेत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या जिद्दीचा काडीचाही दोष नव्हता.

माझ्या सासऱ्यांची लाँड्री आहे आणि मी तिथला मॅनेजर. म्हणजे गल्ल्यावर सासरे बसतात, कामं बायको वाटून देते आणि उरलेलं सगळं मी बघतो. लाँड्रीची किल्ली मात्र सासऱ्यांच्या कमरेला. माणसाने मुलगी दिली, पण किल्ली काही दिली नाही. एखादं काम अथपासून इतिपर्यंत नीट करून दाखवा, त्याच दिवशी किल्ली तुमची, असं ते मला लग्नापासून सांगत आलेत.

आणि तसं काम अखेर चालून आलं. हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं कंत्राट मिळण्याच्या बेतात होतं. त्यासाठी सासऱ्यांनी भलंथोरलं मशीन आणलं. हे मशीन कपडे पिळायला लागलं की असं घुमतं की त्याला जमिनीत बोल्टांनी जखडावंच लागतं. बोल्टांच्या खड्ड्यांत आणि मशीनच्या बैठकीखाली सिमेंटचं सरसरीत मिश्रण ओततात, त्याला म्हणायचं ग्राउट. मशीन बसवणाऱ्या मिस्त्रीने सांगितलं, नळाचं साधं पाणी घाला आणि ओतल्यावर आठवडाभर मशीनला हात लावू नका.

पण हॉस्पिटलच्या मेट्रनबाई शनिवारी सकाळीच मशीन बघायला येणार होत्या. चालताना दिसलं तर कंत्राट आपलं, नाहीतर चादरी पलीकडच्या लाँड्रीत. सासरे डोकं धरून बसले. मी मात्र आतून खूश झालो, कारण मी नुकताच मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. पाणी चुंबकांमधून फिरवलं की ते म्हणे मोकळं होतं. अशा पाण्यातलं ग्राउट झरझर वाहतं, लवकर धरतं आणि दगडाला लाजवतं.

पुराव्याशिवाय बोलणारा मी नव्हे. त्याच संध्याकाळी आम्हा दोघांचा चहा झाल्यावर मी प्रयोग मांडला. घरातल्या दोन जुन्या स्पीकरांची पोटं फाडून चुंबकं काढली, नळीला बांधली आणि पाणी फिरवलं. माझ्या कपात साधं पाणी घालून सिमेंट कालवलं, बायकोच्या कपात चुंबकाचं पाणी घालून. कप मुद्दामच विसळले नाहीत. दोन्ही एकाच सेटमधले, दोन्हींतून आत्ताच चहा प्यायलेला. याला म्हणतात समान परिस्थिती!

दुसऱ्या संध्याकाळी पाहतो तर काय, बायकोच्या कपातलं सिमेंट ठणठणीत आणि माझ्या कपातला नुसता चिखल. मी जागच्या जागी उडी मारली. बायको सेट मोडल्याच्या रागात होती. तरी तिने वाकून पाहिलं आणि माझ्या कपाला मुंग्या कशा लागल्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुंग्यांना मऊ जागा आवडते. तिने तो कप मात्र टाकून दिला नाही.

मी तडक सासऱ्यांकडे गेलो. "शनिवारी मशीन चालेल," मी म्हणालो. "जबाबदारी माझी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पहिल्यांदाच आपण या घरचे आहोत असं वाटलं.

आता भरपूर पाणी फिरवायला मोठा ड्रम हवा होता. तो शेजारच्या सरबतवाल्याने लगेच दिला. आत डोकावून पाहिलं, लख्ख होता. तळाशी काहीतरी चकचकत होतं, तो मी प्लास्टिकचा गुण समजलो. बायको म्हणाली, धुऊन तरी घ्या. पण नळाच्या पाण्याने धुवायचं म्हणजे माझ्या पाण्यात साधं पाणी मिसळणार! त्या ड्रमला मी साध्या पाण्याचा एक थेंबही लागू दिला नाही. दिवसभर पंप लावून पाणी चुंबकांमधून फिरवलं आणि शुक्रवारी सकाळी ग्राउट ओतलं.

काय वाहिलं ते! बैठकीखालच्या कोपऱ्याकोपऱ्यात आपणहून जाऊन बसलं. मिस्त्रीसुद्धा मान हलवून बरं आलंय म्हणाला. वर ओली पोती घालून मी खोलीला कुलूप लावलं आणि कुणालाही आत जाऊ दिलं नाही.

शनिवारी पोती काढली. वरवर कडक लागत होतं. मिस्त्री नट आवळायला तयार होईना, म्हणाला, एका दिवसाच्या ग्राउटवर मी पाना लावणार नाही. मग मीच लावला. नट मोठे गुणी निघाले. फिरवावेत तितके फिरत होते, आणि त्यांच्याबरोबर बोल्टही फिरत होते. नवीन मालाला थोडी सवय लागते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मेट्रनबाई नमुन्याच्या चादरी घेऊन वेळेवर आल्या. मशीनमध्ये त्या भरल्या, मी बटण दाबलं. धुणं उत्तम झालं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायला सुरुवात केली आणि तेवढ्यात मशीन पिळायला लागलं.

आधी ते थरथरलं. मग खड्ड्यांतले बोल्ट उपसून चालायलाच लागलं. मेट्रनबाई दोन पावलं मागे सरल्या, तर मशीन त्यांच्यामागे! पाण्याची नळी सुटली आणि तिने सासऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घातलं. मी मशीनला मिठी मारून थोपवू पाहिलं, तेव्हा आम्ही दोघेही मेट्रनबाईंच्या दिशेने निघालो. मिस्त्रीने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून बरं.

सासऱ्यांचा ओला हात कमरेकडे गेला. किल्ली आहे ना, ते त्यांनी चाचपून पाहिलं.

बायको तेवढी खाली वाकून बैठकीकडे बघत होती. भिंतीपासून निघालेली मुंग्यांची रांग थेट माझ्या ग्राउटमध्ये शिरली होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही चहात साखर किती घालता?"

"तीन चमचे."

"आणि मी?"

ती बिनसाखरेचा पिते. मी छताकडे बघू लागलो.

"ड्रम कुणाचा आणलात?"

याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. गोंधळ ऐकून सरबतवाला दारात आलाच होता. पाकाचा ड्रम परत कधी मिळेल, असं त्याने विचारलं.

सासऱ्यांनी हॉस्पिटलच्याच एका चादरीने तोंड पुसलं आणि ते शांतपणे म्हणाले, "घर बांधताना मी गवंड्यांनासुद्धा सिमेंटपाशी चहा पिऊ दिला नव्हता, जावईबापू. साखर पडली की सिमेंट धरत नाही."

मेट्रनबाई मोठ्या मनाच्या. धुलाई आवडली, मशीन एका जागी उभं राहायला लागलं की कळवा, असं म्हणून गेल्या. मग बायकोने पदर खोचला. चिखल खरवडून काढला, खड्डे धुतले, नळाचं साधं पाणी घेतलं आणि मिस्त्री म्हणाला तितके दिवस मशीनला हात लावू दिला नाही. ग्राउट असं धरलं की आता लाँड्री हलेल, पण मशीन हलणार नाही. कंत्राट मिळालं. आणि सासऱ्यांनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण किल्ली योग्य हातात गेली, हे मलाही कळत होतं.

तरीही एक मुद्दा राहतोच. चुंबकाच्या पाण्याची खरी परीक्षा अजून झालेलीच नाही! जे झालं ते साखरेमुळे. नीट धुतलेले दोन कप मिळाले की मी निकाल लावणार म्हणजे लावणार.

पण कप मिळणं अवघड झालंय. बायकोने कपाटाला कुलूप घातलंय. आणि सासरे घरी आले की चहा संपवून रिकामा कप हातात घट्ट धरून बसतात, मी खोलीतून बाहेर पडेपर्यंत.