यूनुसचाचांचा डबा

आमच्या घरी नवा फ्रिज आला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्याचा रंग पाहिला, सासऱ्यांनी किंमत विचारली आणि शेजारच्या यूनुसचाचांनी खिशातून लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याचं टोक फ्रिजच्या पाठीला लावलं, मूठ स्वतःच्या कानाला. डोळे मिटून मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "सरजी, दोन उन्हाळे."

दुकानदाराने पाच वर्षांची गॅरंटी दिली होती, म्हणून मी हसलो. तिसऱ्या उन्हाळ्यात फ्रिज बसला. तेव्हापासून मी चाचांना जरा लांबूनच सलाम करतो. हा माणूस कधी माझ्या छातीला स्क्रू-ड्रायव्हर लावेल आणि आकडा सांगून मोकळा होईल, नेम नाही.

चाचा दिग्रसच्या जिनिंगमधले जुने फिटर. कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या मशीनी त्यांनी उभ्या हयातीत दुरुस्त केल्या, त्याही कानाने. "मशीन बिघडाच्या आधी आठ दिवस कन्हते," ते सांगायचे, "मालकाले आयकू येत नाही. त्याच्या कानात भाव असते ना!"

मग बोंडअळीची ती वर्षं आली. शेतातच कापूस किडला आणि गावोगावच्या जिनिंगची फाटकं एकामागून एक बंद व्हायला लागली. बाकीचे फिटर मोटरसायकलच्या दुकानात लागले. चाचांनी मात्र मोबाइल घेतला. कुठली जिनिंग बंद होणार अशी कुणकुण लागली की तिथे जायचं आणि प्रत्येक मशीनसमोर पाऊण तास मोबाइलमध्ये तिचा आवाज भरत उभं राहायचं. दिग्रस झालं, दारव्हा झालं, एसटीने महागावही झालं. सुरुवातीला डॉक्टरांच्या थाटात जाहीर करायचे, "मशीन नंबर सहा. तब्येत ठीक." पुढे नुसती धडधड.

"कायले हो चाचा हे?" मी एकदा विचारलं.

"अजी, उद्या कापूस येईन, मिला सुरू होतीन. नव्या पोट्ट्याइले कसं समजन, चांगली मशीन कशी वाजते ते?"

आतून चाचीचा आवाज आला, "लोकाइचे मरद गाणे आयकते. माह्या नशिबात हा खडखडाट!"

ही सगळी संपत्ती मेमरी कार्डांमध्ये भरून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली होती. त्यातलं एक कार्ड कुर्त्याबरोबर धुतलं गेलं आणि महागावच्या अकरा मशीनी साबणाच्या पाण्यात गेल्या. चाचा दोन दिवस जेवले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी माझं कॉम्प्युटर क्लासचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान असल्यामुळे मी गावातला तज्ज्ञ समजला जातो. मी स्वतःही तसंच समजतो. त्याच तोऱ्यात मी चाचांच्या बैठकीच्या खोलीत एक छोटा सर्व्हर बसवून दिला. आत दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर सारखंच भरलेलं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. चाचांनी त्याचं नाव 'डबा' ठेवलं. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालू नये, एवढं चाचीला पटवायला मला महिना लागला.

एक दिवस भर मे महिन्यात, दुपारी दोनच्या उन्हात चाचा दुकानात आले. "सरजी, डब्याची एक बेअरिंग चालली."

मी जाऊन पाहिलं. डब्याचा दिवा हिरवा होता, कॉम्प्युटरही सगळं ठणठणीत म्हणत होता. मी चाचांना विज्ञान समजावून सांगितलं. पाचव्या दिवशी दिवा लाल झाला. चाचा माझ्याकडे बघून नुसते पान चघळत राहिले, ते मला जास्त लागलं.

मी एक नवी डिस्क मागवली.

"दोन मागवा," चाचा म्हणाले. "एका शाफ्टवर एक नवी न् एक जुनी बेअरिंग? जुनी नवीले खाते."

"चाचा, ही बेअरिंग नाही. चांगली आहे ती आतच राहू द्यायची."

"हाव, हाव," चाचा म्हणाले. पन्नास वर्षं मालकांना याच सुरात 'हाव' म्हणून त्यांनी मनासारखं काम केलं होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शुक्रवारी नमाजनंतर डिस्क बदलायचं ठरलं. मला दुकानात अर्धा तास उशीर झाला. पोचलो तर चाचांनी डबा उघडलेला. चार स्क्रूंसाठी फिटरने कोणाची वाट पाहायची म्हणजे अपमानच की! आत दोन नव्याकोऱ्या डिस्क बसल्या होत्या. दुसरी त्यांनी स्वतः यवतमाळला जाऊन आणली होती.

"जुन्या कुठे आहेत?" मी चाचीला विचारलं.

उत्तर अंगणातून आलं. ठण्ण!

फिटर लोकांचा एक रिवाज आहे. काढलेली बेअरिंग जागच्या जागी फोडायची, नाहीतर कोणीतरी अर्धवट शहाणा तीच पुन्हा बसवतो. चाचा फरशीवर उकिडवे बसले होते. एक डिस्क चेपली होती, दुसरीवर हातोडा उचललेला.

मी ओरडलो. मोठ्या माणसाशी बोलू नये असं बोललो. "चाचा! त्या दोनांतली एक चांगली होती! तुमच्या सगळ्या मशीनी तिच्यात आहेत! दुसरीकडे कुठंच नाहीत!"

हातोडा खाली आला, पण हळूच, जमिनीवर. चाचांचा चेहरा रुईसारखा पांढरा पडला. ज्या मशीनी त्यांनी रेकॉर्ड केल्या होत्या, त्यातल्या बहुतेक भंगाराच्या ट्रकमधून केव्हाच गेल्या होत्या. आता तो आवाज जगात कुठेही पुन्हा भरता येणार नव्हता.

"कोनती फोडली मी?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. दोन्ही डिस्क दिसायला सारख्या, आणि बिघडलेलीवर खूण करून ठेवायचं तज्ज्ञाला सुचलं नव्हतं. उरलेली डिस्क मी बाहेरच वायरला जोडली. ती फिरायला लागली. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला, पण टोक डिस्कवर टिकेना. शेवटी चाचीने त्यांचं मनगट धरलं.

चाचा ऐकत होते. मी वायर धरून उभा होतो.

"तब्येत..." ते म्हणाले आणि मूठ कानाशी आणखी घट्ट धरली. चाचीनेच वाक्य पुरं केलं, "ठीक हाय म्हणते."

मी एक नवी डिस्क काढून तिच्या खणात जुनी बसवली, दुसरी नवी तशीच ठेवली. "आता जुनी नवीला सगळं शिकवेल," मी म्हणालो.

"म्हणजे उस्ताद न् शागिर्द! असं सांगाचं ना मंग आधी!" चाचा माझ्यावरच भडकले.

शिकवणी चार तास चालली. तेवढा वेळ चाचीला मिक्सर लावायची मनाई होती. एवढ्या उकाड्यात पंखाही बंद, उस्तादाला ऐकू येत नाही म्हणून. मी घामाने निथळत बसलो होतो.

दिवेलागणीला दिवा हिरवा झाला. "एखादी फाइल लावून पाहू," मी म्हणालो. चाचांनी दिग्रसची मशीन नंबर चार निवडली, मात्र ती तपासायला मी चालणार नव्हतो. त्यांनी गजाननला फोन लावला. त्या मशीनवर तो सतरा वर्षं होता, आता पुण्यात एका सोसायटीत वॉचमन आहे.

"गजू, ड्यूटीवर हायेस? बोलू नको. नुस्तं आयक."

धडधड सुरू झाली, बैठकीतली भांडी हलायला लागली. चाचांनी फोन डब्याजवळ धरला. मग गजाननचा बारीक आवाज आला, "चाचा, डावा रोलर घासून राह्यला तिचा. मी तुमाले तवाच सांगतलं होतं."

"काही घासत नाही!" चाचा गरजले. मग थोडं वाकून ऐकलं. "हाव रे. घासते."

ती मशीन भंगारात गेली त्या दिवशी तिचे नट चाचांनीच खोलून दिले होते. त्याच आठवड्यात गजानन पुण्याला गेला. हे मला ठाऊक होतं, त्या दोघांनाही होतं. मी उगाच वायरी गोळा करायला लागलो.

"मंग कवा पाहता?" गजाननने विचारलं.

"उद्या सकाळी. तू चालू नको करू तिले."

"लवकर या चाचा. फाटकापासून गाड्या लागल्या कापसाच्या."

"येतो ना बापा," चाचा म्हणाले. "पाना घेऊनच येतो."