काट्याची चौकशी

मांडी घालून बसा पाहू, बाळांनो. आणि डोळे चोळू नका.

एका जंगलात दगडोबा नावाचा वानर होता. मोहाच्या शेंड्यावर बसायचं आणि बिबट्या दिसला की ओरडायचं, हे त्याचं काम. डावा डोळा लहानपणीच गेलेला, पण उजव्याची नजर अशी की कुणी बरोबरी करावी! अख्ख्या जंगलाचा जीव त्या एका डोळ्यावर होता.

एकदा करवंदं ओरबाडताना काटा त्याच डोळ्याला ओरखडून गेला. डोळा लालबुंद झाला, पाणी गळू लागलं, उजेड सोसवेना.

घुबड डॉक्टरांनी डोळा तपासला.

"लहानपणी तापात ओठावर फोड आले होते?"

"आले असतील. आईला ठाऊक."

"तो हर्पीसचा विषाणू. फोड गेले, तो मात्र मज्जातंतूत झोपून राहिला. काट्याने त्याला उठवलं. आता बुबुळ कुरतडतोय. आजच औषध घालायला हवं, नाहीतर डोळ्यात फूल पडेल, पांढरा डाग, आणि दिसायचं बंद होईल."

दगडोबाने डोळा पुढे केला. "मग घाला की! वाट कसली बघताय?"

"थांबा," सरपंच रानगवा म्हणाले. "जखम हा पुरावा आहे. चौकशी होईपर्यंत हात लावायचा नाही." त्या जंगलाचा रिवाजच होता तसा.

"अहो सरपंच, खरा गुन्हेगार डोळ्यात बसलाय!" डॉक्टर म्हणाले.

"दाखवा."

"दिसत नाही इतका बारीक आहे."

"मग नसेलच. काटा मात्र सगळ्यांना दिसतो."

चौकशी रीतसर चालली. करवंदीच्या जाळीला बाजू मांडायला सांगितलं. ती गप्प राहिली, म्हणजे दोषीच. तिला मुळासकट उपटलं. टाळ्या पडल्या. दगडोबानेही वाजवल्या, आवाजाच्या दिशेने.

मग औषध घालायला परवानगी मिळाली. तोवर फूल पडून गेलं होतं.

दगडोबा पुन्हा मोहावर चढला, चाचपडत. त्याला रडू येत होतं, पण खाली सगळे चरत होते. जाळी होती तिथे आता बिबट्याच्या नाल्याकडून सरळ वाट झाली होती.

"काय रे, दिसतंय का काही?" सरपंचांनी खालून विचारलं.

"नुसतं धुकं दिसतंय, सरपंच."

"बिबट्या?"

"तो काही दिसत नाही."

"मग नसेलच," सरपंच म्हणाले आणि त्यांनी गवतात तोंड घातलं.

तात्पर्य : जे दिसत नाही त्याला भिऊ नये, बाळांनो. जे दिसेल त्याला धरून बडवावं. डोळा गेला की भिण्यासारखं काही उरतच नाही.