बारीक दळलेलं दुःख

आमच्या पौडच्या वाचनालयात येणारा माणूस पुस्तक हातात घेतो, मागचा मजकूर वाचतो आणि मला विचारतो, "चांगलं आहे का हो?" हमीदचाचा पुस्तक उघडतही नाहीत. ते विचारतात, "बाई, ह्यात शेवटी कोण मरतं?"

"चाचा, आधीच सांगितलं तर वाचण्यात मजा काय?"

"मजेसाठी कुणाला वाचायचंय? कुणी मरत नसंल तर ऱ्हाऊ द्या. उगा हेलपाटा."

चाचांची पिठाची गिरणी वाचनालयाच्या समोरच आहे. साठी ओलांडलेली, अंग दणकट, भुवयांवर कायम पिठाची पांढरी झाक आणि चेहरा असा हसरा, की लहान मुलंसुद्धा दळणाचा डबा घेऊन आनंदानं जातात. अशा या माणसाला शौक एकच, रडण्याचा. गिरणीत मोबाइलवर दिवसभर विरहाची गाणी चालू असतात. पट्ट्याच्या घरघरीत शब्द कळत नाहीत, पण सूर पोचतो. एकदा लग्नाचं दळण घेऊन आलेल्या मावशींनी हात जोडले, "चाचा, आज तरी काही चांगलं लावा." चाचांनी तत्परतेनं गाणं बदललं. नवं गाणं लेकीच्या पाठवणीचं निघालं. मावशी पोत्यावर बसून पदर ओला होईपर्यंत रडल्या आणि जाताना म्हणाल्या, "बरं वाटलं बाई. घरात पाहुण्यांपुढं रडायला सवड कुठाय?"

पुस्तक परत देताना चाचा अभिप्राय देतात, तोही धंद्याच्या भाषेत. "जाड दळलंय. माणसं मरत्यात, पण काळजात उतरत न्हाईत." किंवा पुस्तकावरून हात फिरवून, "हे बारीक हाय. घशाखाली कधी गेलं कळलंच न्हाई."

माझा भाचा मारुंजीला भाड्यानं राहतो, तिकडेच एका कंपनीत आहे. त्यानं एकदा मला आणि चाचांना मॉलमधल्या थिएटरात नेलं. चाचांनी त्यालाही शेवट विचारला. तो म्हणाला, "चाचा, आधी शेवट सांगितला तर त्याला स्पॉयलर म्हणतात."

"आमच्यात पाहुण्याला जेवायला काय केलंय ते सांगूनच बसवतात," चाचा म्हणाले. "म्हंजे तो पोटात जागा ठेवतो."

मध्यंतरानंतर नायिका आजारी पडली आणि चाचांनी जो हुंदका दिला, त्यानं पुढच्या दोन रांगा वळून बघू लागल्या. पुढच्या मुलीनं कागदी रुमाल पुढं केला. चाचांनी तो चिमटीत धरून उलटसुलट पाहिला, म्हणाले, "ह्यानं काय हुतंय पोरी," आणि खांद्यावरच्या पंच्याचं एक टोक तिच्याकडे दिलं. तिनं ते खरोखर घेतलं. बाहेर पडताना चाचा लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखे तृप्त दिसत होते.

मला मात्र हे बरं वाटेना. भल्या माणसाला हे काय व्यसन? मग मी एक आगाऊपणा केला. पोट धरून हसवणारी एक कादंबरी काढली आणि बेधडक सांगितलं, "शेवटी आजोबा जातात."

आठवडाभर चाचा आले नाहीत. दोन दिवस गिरणीही बंद होती. मग एका सकाळी येऊन त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"आजोबा जात न्हाईत, बाई." आवाजात राग नव्हता. "निम्म्यात थांबलो, मग शेवटचं पान बघितलं. त्यात ती पोरगी हाय न्हवं, बापाला सतावणारी? डिक्टो आमची शबाना. मी वाचताना आमच्या हिनं ऐकलं आन् तवापास्नं एक शब्द बोलली न्हाई." आणि दुसरं पुस्तक न घेताच ते निघून गेले.

शबाना त्यांची एकुलती एक मुलगी. ती कॉलेजात असताना, मी पौडला यायच्या आधीच, तापानं गेली, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण पुस्तकं चाचांच्या बायकोसाठी, खातूनचाचींसाठी जातात, हे मला तेव्हा कळलं.

गुरुवारी दुपारी लाईट नसते, गिरणी बंद असते. कपाटातली सगळ्यात रडवणारी कादंबरी घेऊन मी त्यांच्या घरी गेले. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर समोर. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, एवढंच.

चाचांनी पुस्तक घेतलं आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले. बोट ओळीवर, जोडाक्षराला अडखळत. दहाव्या पानावर कादंबरीतली आई मुलाचं गाठोडं बांधते. तिथं चाची रडायला लागल्या. आवाज न करता, कितीतरी वेळ. चाचांनी पुस्तक खाली ठेवलं, सरकून त्यांच्याजवळ बसले आणि तेही रडू लागले.

मी हळूच उठले. चाचा दारापर्यंत आले.

"शबाना गेली तवा ही रडलीच न्हाई," ते म्हणाले. "दगडावानी झाली. डॉक्टर केलं, दर्गा केला. एकदा मी सहज गोष्ट वाचत हुतो, त्यातल्या कुठल्याशा बाईसाठी ही ढसाढसा रडली. रात्री दोन घास जेवली. दुसऱ्याच्या नावानं येतं तिला. पोरीच्या नावानं अजून न्हाई."

"आणि तुम्हाला, चाचा?"

"मला कुटं येत हुतं? आधी नुसतं सोंग करायचो. तिला एकटीला कसं रडू द्यायचं?" पंच्यानं तोंड पुसून ते थोडं हसले. "मग लागली सवय."

तेवढ्यात घरातला पंखा फिरू लागला, लाईट आली होती. पलीकडे गिरणीपुढं डबे घेऊन चारपाच जणी उभ्या राहिल्या होत्या आणि चाचांना हाका मारत होत्या.

"तेवढं सांगा त्यास्नी," चाचा म्हणाले. "अर्धं पान ऱ्हायलंय."

ते आत वळले. मी गिरणीपाशी जाऊन सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि स्वतःही तिथंच पायरीवर बसून राहिले.