बिनवेलीचा जावई

एका जंगलात, म्हणजे ज्याचा अजून प्रकल्प झाला नव्हता अशा एका जंगलात, दगडोबा नावाचं साळिंदर राहत होतं.

बाळांनो, मोबाइल खाली ठेवा. असा नाही, पालथा. मागे तुमच्यातल्याच कोणीतरी मला विचारलं होतं, की लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअल मशीन नावाचा दुसरा, खोटा लॅपटॉप बसवला, तर त्याला वायफाय का दिसत नाही? खऱ्याला दिसतं. खोट्याला मात्र वाटतं, की आपल्याला वायर जोडली आहे, आणि वायर तर घरात कुठेच नसते. मोठी माणसं याचं उत्तर आकृती काढून देतात. मला आकृती येत नाही. मला एक घरजावई माहीत आहे, त्याचीच गोष्ट सांगतो.

तर दगडोबा. त्याचं बीळ टेकडीच्या पोटात होतं, चांगलं चार-पाच दालनांचं. पण त्याची खरी इस्टेट म्हणजे त्याचा डावा कान. त्या जंगलात निरोप हवेतून जात. टेकडीवरच्या उंबराला लोंबकाकू नावाचं वटवाघूळ उलटं टांगलेलं असे. कोणाला काही कळवायचं असलं, की त्याने उंबराकडे तोंड करून बोलायचं. मग काकू तो निरोप ज्याच्या त्याच्या बिळाकडे फेकत, आणि तोही इतक्या बारीक आवाजात, की जाडजूड कानाच्या प्राण्याला पत्ता लागू नये. दगडोबाला तो लख्ख ऐकू येई.

काकूंचा नियम एकच होता. एका बिळाला एक नाव. त्याच बिळातून दुसऱ्या नावाने हाक आली, की काकू पंखात डोकं घालत.

दगडोबाला एकच लेक, सगुणा. तिने मानाजीरावांना पसंत केलं. मानाजीराव दिसायला भारदस्त, काटे लांबसडक, पण स्वतःचं बीळ नाही. ते म्हणाले, "मी इथे राहीन, पण घरजावई म्हणून नाही. मला माझं वेगळं राज्य पाहिजे."

जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि ग्रहाशी कोणी वाद घालत नाही. दगडोबाने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळ्यात आतलं दालन रिकामं करून दिलं. त्याला खिडकी नव्हती. सगुणाने भिंतीवर गेरूने डोंगर काढले, नदी काढली, वर चुन्याने थोडे ढग काढले.

मानाजीरावांनी ढगांकडे मान वर करून पाहिलं. "आमच्या राज्यात हवामान चांगलं आहे," ते म्हणाले.

राज्य म्हटलं की हुकूम आले, आणि हुकूम बाहेर जायला वाट हवी. दगडोबाने भिंतीला भोक पाडून एक गुळवेल आत सोडली. आतलं टोक तोंडाशी धरून मानाजीराव बोलत. बाहेरचं टोक दगडोबाच्या पंजात असे. तो ऐके आणि तेच शब्द उंबराकडे तोंड करून काकूंना सांगे. उत्तर आलं, की वेलीतून आत पोचवी. मानाजीरावांची समजूत अशी, की ही वेल थेट जंगलभर गेली आहे आणि जग वेलींवरच चालतं. दगडोबाला डुलकी लागली की वेल मुकी होई. मग मानाजीराव जंगलाला सुट्टी जाहीर करत.

काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी सगळं बोलणं दगडोबाचंच.

"दगडोबा," त्या एकदा म्हणाल्या, "काल तू कोल्ह्याकडे उसने कंद मागितलेस, आणि आज त्याला मांडलिक हो म्हणून कळवतोस. बरा आहेस ना?"

"वय झालं, काकू," दगडोबा म्हणाला.

त्याने निरोपातला एक शब्दही कधी बदलला नाही. निरोप्याने निरोपाला हात लावू नये, आणि निरोप्याला कोणी मारत नाही, अशी त्याच्या वडिलांची शिकवण होती. शिकवण चांगलीच होती. फक्त दगडोबा निरोप्या आहे, हे जंगलात कोणाला माहीत नव्हतं.

"बाबा, जरा गोड करून सांगत जा ना," सगुणा म्हणे.

"तो खोटेपणा होईल, पोरी."

एक दिवस मानाजीरावांनी वाघाला निरोप धाडला. 'तू म्हणजे थोडं मोठं झालेलं मांजर आहेस. आमच्या दरबारात येऊन, शेपूट खाली घालून उभा राहा.' दगडोबाने डोळे मिटून मांजरासकट सगळा निरोप सांगून टाकला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते हेच. आमचे बायजी तेव्हा आत नदीकडे बघत कंद खात होते.

मानाजीरावांच्या मानेवर चिकटाबाई नावाची एक गोचीड होती. ती त्यांची सल्लागार. सल्लागार रक्त पितात असं आपण उगाच म्हणतो, ही खरोखर पीत असे. एकदा ती सगुणाच्या पाठीवर बसून बाहेर चक्कर मारून आली.

"महाराज," ती म्हणाली, "सांगायला लाज वाटते. बाहेर सगळे हवेतून बोलतात. वेलीवर चालणारं एकच राज्य उरलंय, आणि ते आपलं."

मानाजीरावांचे काटे ताठ उभे राहिले. त्यांनी सासऱ्याला बोलावून घेतलं.

"मामा, आमच्या राज्यात हवा का नाही?"

"जावईबापू, तुमचा निरोपही हवेतूनच जातो," दगडोबा म्हणाला. "वेल काय ती भिंतीपुरती, वीतभर. तिथून पुढे सगळी हवाच."

"मग तुम्ही मध्ये कशाला?"

हे दगडोबाला फार लागलं. तरी तो टेकडी चढून उंबराखाली गेला आणि काकूंना म्हणाला, "माझ्या बिळात आणखी एक नाव घालता का? मानाजीराव. माझा जावई आहे."

"एका बिळाला एक नाव," काकू म्हणाल्या. "आज जावयाचं घातलं, तर उद्या जावयाच्या गोचिडीचं घालावं लागेल. मी आधीच उलटी टांगलेली आहे रे बाबा, डोक्यात किती ठेवू?"

दगडोबाने हेही जसंच्या तसं जावयाला सांगितलं.

"म्हणजे तुम्हालाच द्यायचं नाहीये," मानाजीराव म्हणाले. त्यांनी बिनवेल दिन जाहीर केला, भिंतीवरच्या डोंगरांसमोर भाषण केलं आणि वेल दातांनी कराकरा तोडली. भोकही चिखलाने लिंपून टाकलं. मग छाती काढून ते मोकळ्या हवेत हुकूम सोडू लागले. उत्तर कुठूनच येईना.

"सगळ्यांना मान्य आहे," चिकटाबाई म्हणाली. "पूर्वी दर हुकमाला 'नाही जमणार' असं उत्तर यायचं. आज एक तरी आलं का?"

कारभार इतका सुरळीत मानाजीरावांनी कधी पाहिला नव्हता.

बाहेर मात्र उत्तर आलं होतं. "दगडोबा," काकू घाईघाईने म्हणाल्या, "वाघ निघालाय. तुझ्याकडेच."

पळायला वेळ नव्हता. दगडोबा दारात उभा राहिला. वाघ आला आणि शांतपणे समोर बसला. शांत वाघ फार वाईट.

"मला मांजर कोण म्हणालं?"

"मी म्हणालो," दगडोबा म्हणाला. "पण शब्द माझे नव्हते. मी निरोप्या."

"कोणाचा?"

दगडोबाने तोंड उघडलं. सगुणा मागे उभी होती. ती बापाकडे बघत होती. नाव सांगितलं असतं, तर वाघ आत गेला असता आणि लेकीचं कपाळ पांढरं झालं असतं. दगडोबा खूप घाबरला होता, पण त्याने तोंड मिटलं.

वाघाने वर उंबराकडे पाहिलं. "काकू, या बिळात आणखी कोण राहतं?"

"कानावर आलंय तसं काहीतरी," काकू म्हणाल्या. "पण मी दुसरं नाव घातलेलं नाही. या बिळाचं नाव दगडोबा."

वाघाने पंजा मारला. मग पंजात रुतलेले काटे घेऊन तो लंगडत निघून गेला. दगडोबाचा डावा कानही त्याच्याबरोबर गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण तो संन्यासी निदान चोराचा सासरा तरी नसतो.

आत थोडी माती पडली. "काय झालं?" मानाजीरावांनी विचारलं.

"हवेची चाचणी असेल, महाराज," चिकटाबाई म्हणाली.

दगडोबाची जखम भरत आली, पण काकूंचा आवाज त्याला परत कधी ऐकू आला नाही. सगुणाचे कान बापावर गेले होते. आता काकूंशी तीच बोलू लागली, दगडोबाच्याच नावाने आणि फार गोड. वाघाकडे तिने माफी पाठवली आणि काटे काढायला कोणता पाला लावावा तेही कळवलं.

मग तिने एक ताजी गुळवेल तोडून आणली, भोक उकरलं आणि टोक आत सरकवलं. "अहो, हवा आली," ती म्हणाली.

"ही तर वेल दिसते."

"वेलच आहे. पण हवा भरलेली."

चिकटाबाईने वेलीवरून फिरून पाहणी केली आणि ही नवी आवृत्ती असल्याचं सांगितलं. वेलीचं दुसरं टोक सगुणाने उंबराकडे नेलंच नाही. ते तिने चुलीपाशी, आपल्या पाटाला बांधलं.

"वाघाला कळवा," आतून हुकूम आला, "येऊन माफी माग म्हणावं."

सगुणाने भाकरी उलटली आणि घसा खोल करून म्हणाली, "चुकलो, महाराज." कोल्ह्याचं उत्तर तिने नाकातून दिलं. भाकऱ्या होईपर्यंत सगळं जंगल मांडलिक झालं होतं.

मानाजीरावांचे डोळे भरून आले. "मामांच्या हातात होतं, तेव्हा इतका स्वच्छ आवाज कधी आला नाही," ते म्हणाले. "म्हातारी माणसं मधून बाजूला झाली, की कारभार सुधारतो."

दगडोबा दाराशी उन्हात बसला होता. चुलीपाशी चाललेलं उजव्या कानाला ऐकू येत होतं.

"पोरी," तो म्हणाला, "हा खोटेपणा आहे."

"हो, बाबा," सगुणा म्हणाली आणि वाटीत हळद कालवून त्याच्याजवळ आली. "मान इकडे करा."

तात्पर्य: निरोप जसाच्या तसा पोचवणाऱ्याचा कान जातो, आणि निरोप चुलीत घालणाऱ्याचं घर टिकतं. म्हणून बाळांनो, मोठेपणी खरे लॅपटॉप होऊ नका. कोणाच्या तरी पोटात जागा बघा, म्हणजे बोलता मनसोक्त येतं आणि पंजा दुसऱ्याला बसतो. आता मोबाइल उचला. हल्ली सगळं जग तुमचं म्हणणं लगेच मान्य करत असेल, तर मजेत राहा. पलीकडच्या टोकाला कोण भाकरी थापतंय, ते बघायला जाऊ नका.