दुसऱ्या पानावरची मागणी

अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात माझ्या तोडीचा अर्जनवीस नव्हता! हे मी म्हणत नाही, कचेरीतले लोक म्हणत. कचेरीसमोरच्या लिंबाखाली चटई टाकून तीस वर्षं मी लोकांची गाऱ्हाणी उर्दूत उतरवली. अक्षर मोत्यासारखं. आणि माझा एक कायदा होता. पहिलं पान पुरतं सरकारच्या स्तुतीला द्यायचं. चंद्रसूर्य असेतो हुजुरांचं राज्य राहो, त्यांची सावली रयतेवर राहो, असं पानभर चालायचं. मागणी दुसऱ्या पानावर. साहेब आधी खूश झाला पाहिजे, मग आडाचं पाणी आणि बांधाचं भांडण.

याच अक्षरानं माझा संसार मोडला. माझा मेव्हणा माणिकप्पा निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात गेला. त्याच्याविरुद्धची तक्रार कुणीतरी माझ्याकडूनच लिहून घेतली. मी नाव वाचलं, थांबलो, आणि तरी लिहिली. धंदा तो धंदा, असं स्वतःला सांगितलं. माणिकप्पाला पकडताना शिपायानं तो कागद सगळ्यांसमोर फडकवला, आणि माझं अक्षर घरात कोण ओळखत नाही?

"माझ्या भावाला आत घालणारा कागद तुमच्या हातचा," माझी बायको महादेवी म्हणाली. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. दुसऱ्या दिवशी ती निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीला, मामाकडं निघून गेली. घरात दोन ताटं होती. त्यातलं एक मी घासून पालथं घातलं, ते तसंच राहिलं.

मग अठ्ठेचाळीसचा पावसाळा आला. बातमी अशी, की हैदराबाद हे वेगळं राष्ट्र आहे असं माना, म्हणून निजाम सरकार जगाच्या पंचायतीपुढं, युनोपुढं जाणार. बार्शीकडं छावणी टाकून निजामाशी लढणारी मंडळी उलट रयतेचे अंगठे गोळा करत होती. आम्हाला हे वेगळं राष्ट्र नको, असा अर्ज दिल्लीमार्गे पुढं जायचा होता. कडब्याची गाडी घेऊन इकडंतिकडं करणारा ईरण्णा एक दिवस लिंबाखाली टेकला.

"वैनीचा निरोप हाय," तो हळूच म्हणाला. "म्हनल्या, ह्या सरकारच्या इरुद्ध एक कागद लिवून दावा. तो हितं पोचला की मी परत येते."

मला काय, हातचा मळ! अंगठे गोळा करायला मी घरोघर हिंडलो. पण लोकांना तीस वर्षांची सवय. अर्ज म्हटला की प्रत्येकाचं आपलं काहीतरी निघायचंच.

"जगाच्या पंचांना आमच्या आडाचं बी लिवा," गल्लीतल्या शांताक्का म्हणाल्या.

"आक्का, हा राष्ट्राचा अर्ज आहे."

"मग राष्ट्राला पानी लागत न्हाय व्हय?"

लिहिलं. कुणाला पंच जेवायला इथं उतरणार का, ते हवं होतं. कुणाची हरवलेली शेळी होती. तिला मी जागा दिली नाही, तर त्यानं अंगठाच मागं घेतला. शेवटी शेळीही गेली अर्जात. एकेचाळीस अंगठे जमले. लोक दार लावून, दबकून अंगठा द्यायचे, आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवायचे. किती दिवसांत मला कुणी असा हात लावला नव्हता.

अर्ज पक्का करायला मी दिवसभर घरी बसलो. महादेवी हा कागद बघेल, एवढंच डोक्यात होतं. हात आपोआप चालला. ईरण्णानं तो कडब्यात खुपसला आणि गाडी येडशीकडं हाकली.

चौथ्या दिवशी तो हसत परत आला.

"नाक्यावर जमादारानं कडबा उपसला. कागद घावला. म्या म्हनलं, मेलो. तर त्यानं वाचला, डोळ्याला लावला, म्हनला, 'वाह, क्या रिआया है!' काय रयत हाय म्हनं! मला च्या पाजला, सोमलिंगप्पा. लई ताकदीचा कागद लिवलाव बगा."

"कागद कुठं आहे?"

"त्येनंच ठेवून घेतला. हुजूर बघून खूश व्हतील म्हनला."

मी आठवून पाहिलं. कागद समोर घेतला, बिस्मिल्ला केला, आणि... चंद्रसूर्य असेतो हुजुरांचं राज्य राहो. पुरतं पान! आम्हाला हे राज्य नको, ते सगळं दुसऱ्या पानावर.

आठवड्यानं कचेरीच्या अंगणात मला हार घातला. वेगळं राष्ट्र मागणाऱ्या एकेचाळीस इमानी रयतेचा अर्ज म्हणून माझं पहिलं पान मोठ्यानं वाचलं. एकेचाळीस जणांपैकी निम्मे तिथंच उभे होते. शांताक्कांनी माझ्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि निघाल्या. त्या दिवसापासून गल्लीत मला कुणी ओ देईना.

आता एकच मार्ग होता. मला पकडायला हवं होतं. मी तुरुंगात गेलो की बार्शीला कळलं असतं, सगळं कळलं असतं. मी सरळ साहेबापुढं कागद ठेवणाऱ्या पेशकारासमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, त्या अर्जाचं दुसरं पान वाचा."

"कशाला?"

"त्यात सरकारविरुद्ध मजकूर आहे. अंगठे दुसऱ्या कुणाचेच नाहीत, सगळे मीच उठवले. मला अटक करा."

तो पोट धरून हसला. "सोमलिंगप्पा, हार घातल्यानं डोकं फिरलं काय? अहो, तीस वर्षांत तुमचं दुसरं पान इथं कुणी वाचलंय?"

मी लिंबाखाली येऊन बसलो. आड, बांध, विधवांच्या जमिनी, तीस वर्षांतली सगळी दुसरी पानं माझ्यासमोरून गेली. त्या दिवशी कुणी अर्ज लिहायला आलं नाही, ते बरंच झालं.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, चार दिवसांत राज्य गेलं, चंद्रसूर्य होते तिथंच राहिले. माणिकप्पा सुटून बार्शीला बहिणीकडं गेला. मी महादेवीला पत्र लिहिलं. मराठीत, मनापासून, झालं ते सगळं.

"तोंडी सांगू का वैनीला?" ईरण्णानं विचारलं.

"तोंडी कामाला काही किंमत असते का?" मी म्हणालो. अर्जनवीस ना मी!

तो परतला तेव्हा मी त्याला वाटेतच गाठलं.

"वाचलं?"

"वाचलं की. पैलं पान वाचलं, वैनीच्या मामाची, गावदेवाची, समद्यांची खुशाली व्हती. म्हनल्या, 'नेहमीचंच हाय.' घडी घालून फळीवर ठेवलं."

माफी दुसऱ्या पानावर होती.

म्हणून आता पोस्टाचं कार्ड आणलंय. कार्डाला दुसरं पान नसतं. 'चुकलो, ये' एवढंच लिहायचं. आज तिसरा दिवस. सुरुवात कशी करावी ते अजून सुचलेलं नाही. पत्ता तेवढा लिहून झालाय. अक्षर मात्र सुरेख आलंय!