पाटीवरचं बीळ

एका जंगलात, बाळांनो, भलतंच खूळ शिरलं. कोण कुठल्या बिळात राहतं ते वहीत लिहून ठेवायचं. वहीत नाव नाही, त्याला बीळ नाही.

वही होती बगळोजींकडे. पद्धत मोठी शिस्तीची. बदल आधी दगडी पाटीवर उतरवायचा, मग वहीत लिहायचा, मग पाटी पुसायची. पाटी भरलेली असेल तर वही कुणी वाचायला उघडायची नाही. चुकीचं वाचलं जायला नको ना!

खवलीबाई म्हणून एक खवल्या मांजरीण होती, मुंग्या-वाळवीवर जगणारी. तिचं बीळ ढासळलं, म्हणून तिला नाल्याकाठचं नवं मिळालं. बगळोजींनी तसं पाटीवर उतरवलं. वहीत जुन्या बिळावरचं नाव खोडलं. नवं लिहिणार, तोच ते बसले होते त्या झाडाला हत्तीनं पाठ घासली. बगळोजी खाली पडले, चोच मोडली आणि रजेवर गेले.

खवलीबाई ना जुन्या बिळाची राहिली ना नव्या. शेपटीवर पिल्लू, झुडपात बिबट्या. बिचारीचा जीव टांगणीला लागला.

इकडे सिंहमहाराज कडाडले, "आणखी घोळ नको! आजपासून वही नुसती वाचायची. लिहील त्याचं शेपूट छाटीन!"

खवलीबाई कोल्ह्याकडे गेली. तो कारभारी होता.

"कारभारी, वही बघा आणि माझं बीळ द्या की."

"उघडता येत नाही, बाई. पाटी भरलेली आहे."

"मग पाटीवरचं वहीत उतरवा."

"लिहायला बंदी आहे."

"तर मग पाटी पुसा!"

"अहो, तुमचं बीळच पुसलं जाईल!" कोल्हा कळवळला.

"बरं, पाटी शेजारी धरा, वही वाचा, आणि मनातल्या मनात जुळवा. लिहायचं काहीच नाही."

"मनात लिहिणं हेही लिहिणंच," कोल्हा म्हणाला आणि त्यानं हळूच स्वतःचं शेपूट चाचपलं.

शेवटी महाराजांनी तोड काढली. वाचता न येणाऱ्या माकडांकडून वहीची हुबेहूब नक्कल करवली. माकडांनी खोडलेलं नाव तसंच खोडलं, शाईचा डागही पाडला, आणि दुसरी पाटी आणून तीही तश्शीच भरली. वर मोहोर मारली: फक्त वाचण्यासाठी.

"आता ही तरी उघडा!" खवलीबाई म्हणाली.

"हिचीही पाटी भरलेलीच आहे की!"

खवलीबाईला रडू आलं. पिल्लाला पोटाशी घेऊन ती तिथंच झाडाखाली वेटोळं करून पडली. बिबट्या रोज येऊन वास घेऊन जायचा.

न उघडलेल्या वहीला वाळवी लागली, शेजारच्या नकलेलाही. महाराज धावत आले. "खवलीबाई, खा ती वाळवी! जंगलाची लाज राख!"

किती दिवसांची उपाशी होती ती. पोटभर जेवली. वाळवी संपली. पण वहीही संपली होती, आणि नक्कलही. दगडाला मात्र वाळवी लागत नाही. दोन्ही पाट्यांवर एकच ओळ होती: नाल्याकाठचं बीळ, खवलीबाई.

वहीच नाही, तर उघडायचा प्रश्नच मिटला. कोल्ह्यानं पाटी वाचली आणि तिथल्या तिथं बीळ दिलं. मग तो सिंहाच्या गुहेपाशी जाऊन आडवा उभा राहिला.

"माफी असावी, महाराज. आपलं नाव कुठंच नाही."

दिवस मावळायच्या आत महाराज नाल्याकाठी हजर. आयाळ आत कोंबत म्हणाले, "खवलीबाई, जरा सरकता का?"

तात्पर्य: बाळांनो, आपलं काम नेहमी अर्धवट राहील अशी काळजी घ्यावी. पुरं झालेलं वाळवी खाते.